किल्ल्यावरून मांजरीच्या पिल्लाचा कडेलोट

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत. आम्ही पुण्यात असतो. दिवाळीत सासरी गेलो होतो, सातारा जिल्ह्यात, पाटणच्या बाजूला. तिथे मोठ्या जाऊबाईंची दोन मुलं आहेत, एक दहा वर्षांचा, एक बारा. तिघांनी मिळून अंगणात किल्ला केला. घरातल्या मांजरीचं महिनाभराचं पिल्लू किल्ल्यावर चढलं, तटबंदी ढासळली, मावळे पडले. मग तिघांनी त्या पिल्लाला कैद केलं, दरबार भरवला, फितूर ठरवलं आणि कडेलोटाची शिक्षा दिली, म्हणजे उचलून शेजारच्या हौदात टाकलं. टाकणारा माझा मुलगा. सासूबाईंनी धावत जाऊन बाहेर काढलं म्हणून ते वाचलं. मुलं हसत होती. ह्यांनी सगळ्यांसमोर त्याच्या दोन थोबाडीत दिल्या आणि उचलून हौदावर धरलं, "तुझापण करू का कडेलोट?" तो इतका घाबरला की चड्डीतच शू झाली. त्याआधी गणपतीच्या सुमारास त्याने चतुराला दोरा बांधून त्याचे पंख उपटले होते, आणि एकदा पालीची शेपटी तोडली, तेव्हा म्हणाला की ती परत येते ना. सासूबाई म्हणतात पोरं आहेत, करायचीच. जाऊबाई म्हणाल्या अशीच मुलं मोठेपणी गुन्हेगार होतात, त्यांनी व्हिडिओत बघितलंय. काल पुण्यात परत आलो, आज त्याला अंघोळ घालताना मनगटावर ओरखडे दिसले, पिल्लाचे, चार दिवस लपवले होते त्याने. माझं मूल क्रूर आहे का? मी काय करू?

उत्तर : ताई, बाकी सगळं नंतर वाचा, आधी त्या ओरखड्यांचं बघा. आजच. मांजरामुळे पण रेबीज होऊ शकतो, लोकांना वाटतं फक्त कुत्र्यामुळे होतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा, हे खरंतर त्याच क्षणी व्हायला हवं होतं, पण आता तरी करा, आणि हळद, चुना, तिखट असलं काही भरू नका. मग सरळ सरकारी दवाखान्यात न्या, तिथे लस फुकट मिळते. रक्त आलं होतं का नुसतं खरचटलं होतं ते मुलाला शांतपणे विचारून डॉक्टरांना सांगा कारण त्यावर फक्त लस द्यायची की अजून एक इंजेक्शन लागणार हे ठरतं. चार दिवस झाले म्हणजे आता काय उपयोग असं अजिबात समजू नका, लस आजपण सुरू करता येते. गावाला फोन करून पिल्लू आणि त्याची आई दोघं ठीक आहेत का, खातायत का, हे रोज बघायला सांगा, ओरखडा पडला त्या दिवसापासून दहा दिवस, पण ते दहा दिवस व्हायची वाट बघत लस थांबवू नका.

गेलात? मग पुढचं.

त्या ओरखड्यांबद्दलच मला जास्त बोलायचंय, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात काळजीची गोष्ट तीच वाटली. सात वर्षांचं पोरगं, ज्याला एरवी डास चावला तरी आईला दाखवायचं असतं, फुंकर मारून घ्यायची असते, त्याने चार दिवस हात लपवला. का लपवला ते उघड आहे. दोन थोबाडीत खाल्लेलं मूल तिसरी ओढवून घ्यायला स्वतःहून पुरावा आणून दाखवणार नाही. म्हणजे त्या माराने तो काय शिकला, तर पिल्लाला दुखवायचं नाही हे नाही शिकला, बाबांना कळू द्यायचं नाही हे शिकला. आणि लपवलेल्या ओरखड्याने जीव जाऊ शकतो, म्हणून मी हे इतकं ताणून सांगतेय.

मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात, तिसरीत, एक मुलगा होता, मधल्या सुट्टीत भिंग घेऊन मुंगळे जाळायचा. मी त्याला वर्गासमोर उभं केलं आणि कसाई म्हणाले. मला वाटलं लाज वाटेल, सुटेल. झालं काय, तर वर्गाने ते नाव उचललं, चौथी संपेपर्यंत तो पोरगा कसाईच राहिला, आणि भिंग घेऊन तो शाळेच्या पाठीमागे जायला लागला जिथे मला दिसणार नाही. त्याच्या घरी काय चाललंय हे मी एकदाही विचारलं नाही. वडील रोज रात्री आईला मारायचे, हे मला तो शाळा सोडून गेल्यावर कळलं. ते माझ्या तोंडचं नाव मी आजपण परत घेऊ शकत नाही. म्हणून जाऊबाईंचं ते 'गुन्हेगार' वाक्य घरात कोणीही मुलाच्या कानावर जाईल असं परत बोलू नये, एवढं तुम्ही कराच. मूल ऐकत असतं, आणि मोठ्यांनी दिलेलं नाव ते खरं करून दाखवतं.

आता तुमचा प्रश्न, माझं मूल क्रूर आहे का. त्याने केलं ते क्रूर होतं, ते मी गोड करून सांगणार नाही, आणि सासूबाईंचं "करायचीच" पण मला मान्य नाही. दोन-तीन वर्षांचं मूल पिल्लाला आवळतं ते त्याला कळतच नाही म्हणून, प्रेमाने पण आवळतं. सातव्या वर्षी दुखतं हे कळतं. पण ते कळणं सगळीकडे पोचलेलं नसतं बघा. आईला दुखतं, मित्राला दुखतं, कुत्रं केकाटतं म्हणजे त्याला दुखतं. चतुर ओरडत नाही, त्याचं लाल रक्त दिसत नाही, चेहरा पण आपल्यासारखा नाही, सगळे डोळेच. दोरा बांधला की तो उडतो, हेलिकॉप्टर होतं. आमच्या पिढीत खेडेगावात वाढलेल्या किती जणांनी तो दोरा बांधलाय, मी स्वतः बांधलाय, आणि मला तेव्हा कोणी मारलं पण नाही आणि काही सांगितलं पण नाही. सांगायला हवं होतं.

पालीचं तर त्याने तुम्हाला उत्तरच देऊन टाकलंय. शेपटी परत येते, हे त्याला माहीत आहे आणि ते खरंय. अर्धं खरंय. उरलेलं अर्धं कोणी सांगितलंच नाही. नवी शेपटी येते तिच्यात पहिल्यासारखे मणके नसतात, नुसता कूर्चेचा दांडा असतो, आणि ती यायला कितीतरी आठवडे लागतात. शिवाय पाल शेपटीत चरबी साठवून ठेवते, खायला मिळालं नाही तर उपयोगी पडावी म्हणून. त्याला म्हणा, तू तिचा डबा काढून घेतलास. डबा न नेता शाळेत गेल्यावर काय होतं ते दुसरीतल्या मुलाला बरोबर कळतं. आणि चतुराचा पंख तर अजिबात परत येत नाही, एकदा मोठा झालेला कीटक परत कात टाकत नाही, गेला तो गेला. चतुर उडता उडता शिकार करतो, डास, चिलटं, म्हणजे पंख गेले की तो उपाशी मरणार. रागावून सांगू नका हे, माहिती सांगतो तसं सांगा. ज्या मुलाने 'परत येते ना' असं म्हटलं त्याला कुतूहल आहे, त्या कुतूहलाला खायला द्या.

हौदातलं प्रकरण मात्र वेगळं आहे, त्याला या दोन्हीत मिसळू नका. तिथे तीन मुलं होती, दरबार होता, आरोप होता, शिक्षा होती. पिल्लू तेव्हा पिल्लू राहिलंच नव्हतं, ते फितूर झालं होतं. आणि खेळ सुरू करणारे कोण होते? दहा आणि बारा वर्षांचे. शहरातून वर्षातून दोनदा येणारा सगळ्यात लहान भाऊ, ज्याला त्या दोघांनी किल्ल्यात घ्यावं म्हणून तो जिवाचं रान करत असणार, त्याच्या हातात पिल्लू दिलं आणि टाक म्हणाले असतील. असतील म्हणतेय, मी तिथे नव्हते. पण टाकलं कोणी हे सगळ्यांनी बघितलं आणि हुकूम कोणी दिला हे कोणी विचारलं नाही असं मला तुमच्या पत्रावरून वाटतंय. आणि मुलं हसत होती, याचा फार अर्थ काढू नका, मुलं घोळक्यात घाबरली तरी हसतात.

मग बोलायचं कसं. समोर बसवून, डोळ्यात डोळे घालून नको. भाजी निवडताना, चालत दुकानात जाताना, बाजूबाजूने असताना बोला, मुलं तशी बोलतात. "का केलंस?" हा प्रश्न टाळा कारण सात वर्षांचं मूल "माहीत नाही" म्हणणार आणि ते खरं सांगत असणार. आधी तुम्ही सरळ सांगा. "तू पिल्लाला पाण्यात टाकलंस. ते मेलं असतं. मला खूप वाईट वाटलं आणि रागपण आला. आपल्या घरात मजा म्हणून कोणाला दुखवायचं नाही, मुंगीला पण नाही. आणि बाबांनी तुला हौदावर धरलं ते पण चूक होतं." एवढंच. शेवटचं वाक्य गाळू नका, त्याच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. मग विचारा, टाकायच्या आधी तुझ्या पोटात कसं होत होतं? आणि गप्प बसा. दोन मिनिटं काही बोलला नाही तरी तुम्ही बोलू नका.

"तुला कोणी असं केलं तर कसं वाटेल" हे वाक्य आपण सगळे वापरतो, मला ते आता फारसं आवडत नाही, कारण मूल लगेच स्वतःचा विचार करायला लागतं, आणि तुमच्या मुलाला तर करून दाखवलंच आहे ना, हौदावर धरून. त्यातून पिल्लू कुठल्या कुठे गेलं, त्याच्या डोक्यात फक्त बाबा उरले. चिमटा काढून "बघ कसं दुखतं" करतात तेही तसंच, त्यातून मोठ्याने लहानाला दुखवलं तर चालतं एवढंच कळतं, जे त्याने पिल्लाबरोबर केलं होतं अगदी तेच. त्यापेक्षा पिल्लाबद्दल विचारा. बाहेर काढल्यावर ते कसं दिसत होतं? थरथरत होतं का? आवाज कसा काढत होतं? त्याची आई कुठे होती? मग सांगा की महिन्याचं पिल्लू भिजलं की त्याला स्वतःचं अंग नीट गरम ठेवता येत नाही, म्हणून आजीने त्याला फडक्यात गुंडाळलं असणार. आजीलाच फोन लावून त्याला विचारू द्या, मग काय केलंस आजी तू? सासूबाई तोंडाने काही म्हणोत, पिल्लासाठी धावत गेल्या त्या, आणि त्या धावण्याची गोष्ट त्यांच्या तोंडून नातवाला ऐकायला मिळाली पाहिजे.

कडेलोटाचा विषय पण काढा, कारण खेळ तिथून आलाय. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या आपल्याच लष्कराला लिहिलेलं एक पत्र आहे, रयतेला त्रास द्यायचा नाही म्हणून, कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकर, भाजी काही उचलून आणायचं नाही हे त्यातलंच. त्याच पत्रात घोड्यांचं पण आहे. आत्ताच दाणा-वैरण उधळून टाकली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल, असं महाराजांनी स्पष्ट बजावलंय. किल्ला करणाऱ्या मुलाला हे सांगून बघा. मावळा व्हायचं तर किल्ल्यावरच्या मुक्या जिवाचा हिशोब तुझ्याकडे, हे त्याला पटतं, कारण ते त्याच्याच खेळातलं आहे. पुढच्या दिवाळीत किल्ला कराल तेव्हा एका बाजूने मांजरासाठी वाट ठेवायला सांगा, दिंडी दरवाजा म्हणा त्याला, आणि त्याचा किल्लेदार हा.

भरपाई म्हणून त्याला काहीतरी करायला द्या, पण शिक्षा वाटेल असं नको. जुना टॉवेल, स्वेटर, पिल्लाच्या अंथरुणासाठी त्याने स्वतः निवडून घडी करून गावाला पाठवावा. घरी बाल्कनीत पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं, रोज तोच बदलणार, दर दोन-तीन दिवसांनी घासणार नाहीतर डास होतात. काही दिवस विसरेल, आठवण करा, चिडू नका. पाषाण तलावावर घेऊन जा सकाळी आणि चतुर शोधा. पाण्यावर शेपूट टेकवत टेकवत जाते ती मादी असते, अंडी घालत असते. पार्किंगमधल्या चकचकीत गाडीच्या बॉनेटवर पण कधी कधी तसंच करते, बिचारीला ते पाणी वाटतं. हे एकदा बघितलेलं मूल गाडीवर चतुर दिसला की हात पुढे करण्याआधी थांबतं. मी वर्गात हे बघितलंय, भिंगवाल्या मुलाच्या नंतरच्या वर्षांत, त्याच्या वेळी मला सुचलं नाही.

एक करू नका, दया शिकवायला म्हणून मांजराचं किंवा कुत्र्याचं पिल्लू आणून आत्ता त्याच्या हातात देऊ नका. पिल्लू म्हणजे शाळेचा प्रयोग नाही. आणि पुढचे काही महिने छोट्या प्राण्याजवळ तो एकटा राहणार नाही, कोणीतरी मोठं माणूस तिथे असेल, हे पण पाळा.

आता घरातलं. तुमच्याकडे डास मारायची रॅकेट असणार, सगळ्यांकडे असते. चट् आवाज झाला की आपण मोठी माणसं खूश होतो, "लागला, लागला" करतो, पोराच्या हातात पण देतो. उंदरासाठी चिकट पुठ्ठा ठेवतो आणि उंदीर रात्रभर त्याच्यावर ओरडत असतो, मूल ऐकत पडलेलं असतं. झुरळ दिसलं की चप्पल. गावाकडे सोयाबीनमध्ये शंखी गोगलगायी आल्या की गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकतात, ते त्याने बघितलेलं असू शकतं. रविवारी चिकन आणता का मला माहीत नाही, आणत असाल तर तेही विचारणार तो, तेव्हा चालतं मग मला का नाही. उत्तर तयार ठेवा आणि खरं द्या. डास मारतो कारण डेंग्यू होतो. गोगलगायी मारतात कारण पीक जातं. खाण्यासाठी मारतात. पण मारताना हसायचं नाही, खेळवत मारायचं नाही, आणि ज्याला बाहेर सोडता येतं, पाल असेल, कोळी असेल, त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडायचं. आणि तसं तुम्ही स्वतः त्याच्यासमोर करा. रॅकेट वापरा पण त्याच्या हातात खेळणं म्हणून देऊ नका, चिकट पुठ्ठ्याऐवजी पिंजरा आणा. सासूबाईंना विचारा, नागपंचमीला त्या दिवशी जमीन खणत नाहीत, चिरत नाहीत, ते का. त्यांच्याकडे उत्तर असेल, आणि त्या सांगतील तर नातू ऐकेल.

जाऊबाईंचं नाजूक आहे, मला कळतं. तुमच्या मुलांनी माझ्या मुलाला बिघडवलं असं म्हणालात की संपलं, पुढची दहा वर्षं दिवाळी खराब. तिघांनी मिळून केलं, तिघांशी एकदमच बोलूया, एवढंच म्हणा. मोठ्या दोघांना पण बोलायची गरज आहे, कदाचित तुमच्या मुलापेक्षा जास्त. दिवाळीत कुत्र्याच्या शेपटीला लवंगीची माळ बांधणारी मुलं त्याच वयाची असतात, आणि ती पण घोळक्यातच असतात.

आणि गुन्हेगाराचं. जाऊबाईंनी जे बघितलं ते अगदीच हवेतलं नाहीये. मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी जे मॅन्युअल वापरतात त्यात १९८७ पासून प्राण्यांशी क्रूरपणे वागणं हे मुलांच्या वर्तनविकाराचं एक लक्षण धरलंय. पण ते एकूण पंधरा लक्षणांपैकी एक आहे, आणि वर्षभरात त्यातली किमान तीन दिसली तर तसं निदान करतात. मग तुम्ही कशावर लक्ष ठेवायचं, तर समजावल्यानंतरही तो परत करतो का, एकटा असताना, लपून, ठरवून करतो का. जीव तडफडताना बघायला त्याला आवडतं का. आग लावणं, लहान मुलांना मारणं, वस्तू फोडणं सोबत आहे का. अचानक झोप बिघडली, रात्री अंथरूण ओलं होतंय, शाळेत जायला नको म्हणतोय, तर त्याला कोणी त्रास देतंय का हे आधी बघा, शाळेत, बसमध्ये, घरात. मार खाणारं मूल खूपदा आपल्याहून छोटं कोणीतरी शोधतं. यातलं काही दिसलं तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला लाजू नका, आणि आधी फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ वर टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मला आज ती वेळ वाटत नाही. अंथरूण मात्र बघा, हौदावरच्या प्रसंगानंतर काही दिवस ओलं झालं तर त्याला काही बोलू नका, गुपचूप चादर बदला.

राहता राहिले तुमचे मिस्टर. ते वाईट वडील आहेत असं मला वाटत नाही, पिल्लासाठी जीव तुटला म्हणूनच हात उचलला त्यांनी, पण सात वर्षांच्या मुलाला पाण्यावर धरणं ही फार मोठी गोष्ट आहे ताई, तो ती विसरणार नाही. त्यांनी त्याला सॉरी म्हणायला हवं, आणि "तू असं केलंस म्हणून मी तसं केलं" असं शेपूट न जोडता म्हणायला हवं. म्हणणं अवघड जाईल, त्यांच्या वडिलांनी त्यांना कधी म्हटलं नसेल. म्हणून एक सुचवते, इंजेक्शनला मुलाला त्यांनी न्यावं, तुम्ही नको. सरकारी दवाखान्यात रांग असते, तास-दीड तास बाकावर शेजारी बसायला मिळतं, सुई टोचताना मुलाला हात धरायला लागतो. तिथे बोलणं सोपं जातं. आज तुम्ही घाईत घेऊन गेला असाल, ठीक आहे, पुढचा डोस पहिल्या डोसनंतर तीन दिवसांनी आहे. त्यांना आत्ताच त्या दिवशीची सुट्टी टाकायला सांगा.